पहिल्या स्पर्धेला पिस्तूल सगळ्यात शेवटी घ्या

पोस्ट लांबलचक आहे. पण ज्यांच्या घरात आठवी ते बारावीतलं पोरगं नाहीतर पोरगी आहे आणि जिच्या मोबाईलवर नेमबाजीच्या रील्स चालू असतात, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. पैसे वाचतील.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून रिठदला परत आलो त्याला वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत ‘पिस्तूल’ हा शब्द मी किती वेळा लिहिला त्याची मोजदाद नाही, पण प्रत्येक वेळी तो गुन्ह्याच्या बातमीतच लिहिला. गावठी कट्टा, दोन जिवंत काडतुसं, आरोपी ताब्यात. त्यामुळे एका ऑगस्टमध्ये माझी पुतणी (तेव्हा नववीत होती, नाव टाकू नका असं तिनंच बजावलंय) अंगणात येऊन म्हणाली, “काका, मले पिस्तुलाच्या स्पर्धेत उतरायचं हाये. पह्यल्या स्पर्धेले काय काय लागते?” तेव्हा वहिनींच्या हातातला चहा सांडायचाच बाकी होता.

तो ऑगस्ट २०२४ चा होता. पॅरिस ऑलिंपिक चालू होतं. मनू भाकरने एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ घेतलं, दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगसोबत मिश्र गटात दुसरं घेतलं. १ ऑगस्टला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेतलं. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक आणलं होतं, त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारा महाराष्ट्राचा हाच पहिला. गावात पेढे वाटले गेले. आणि पोरीच्या मोबाईलवर रील्सचा पूर आला.

तिनं मला एक रील दाखवली. कमरेला पट्टा, पट्ट्यात अडकवलेलं पिस्तूल, बाजूला मॅगझिनचे खिसे. माणूस पळतो, भिंतीआडून डोकावतो, ठो ठो ठो, आणि हातातलं घड्याळ सेकंद मोजतं. “मले हे पाह्यजे,” म्हणाली.

मी चौकशी केली. आपला धंदाच तो. तर या प्रकाराला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अचूकपणा, ताकद आणि वेग या तिन्हींची त्यात एकत्र परीक्षा असते. तिकडे नवशिक्याला सल्ला देतात, की एक साधं ९ मिलिमीटरचं पिस्तूल, घट्ट पट्टा, चांगलं होल्स्टर, तीन-चार मॅगझिन, कानाला-डोळ्याला संरक्षण घे आणि ये स्पर्धेला. आपल्याकडे गाडी पहिल्याच शब्दावर अडते. ९ मिलिमीटर हे सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर. बाकीच्या पिस्तुलालाही शस्त्र परवाना लागतो, आणि खेळाडूंसाठीच्या खास तरतुदी सोडल्या तर २१ वर्षांखालच्याला तो मिळत नाही. म्हणजे नववीतल्या पोरीसाठी तो रस्ता बंद.

उघडा रस्ता आहे १० मीटर एअर पिस्तूलचा. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपर्यंत ताकद आणि ४.५ मिलिमीटरपर्यंत नळी असेल तर परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल साधारण सहा-सात ज्यूलचंच असतं. पोलीस ठाण्यातल्या ओळखीच्या साहेबांनीही तेच सांगितलं, वर म्हणाले, “पण पावती आणि ओळखपत्र सोबत ठेवत जा. अन् बाहेर मिरवू नका.”

इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो. पुढचं ऐका.

कुणालाही न विचारता मी इंटरनेटवरून साडेसहा हजारांचं एअर पिस्तूल मागवलं. फोटोत झकास दिसत होतं. वर्णनात ‘प्रोफेशनल’, ‘टार्गेट’ असे शब्द होते. पार्सल आलं त्या दिवशी गल्लीतली पंधरा पोरं दारात आणि पारावर चर्चा, की पत्रकाराच्या घरी पिस्तूल आलं. पोरीनं ते उचललं. नळी मोडून स्प्रिंग दाबायला तिला दोन्ही हात आणि गुडघा लावावा लागत होता. दहा पावलांवरचा पुठ्ठ्याचा डबा लागायचा, पण एकदा डावीकडे, एकदा वर. तिला वाटलं आपलाच हात वाईट. आठवडाभर रडकुंडीला आली होती.

मग ओळखीनं अकोल्यातली एक रेंज सापडली. शाळेच्या जुन्या इमारतीतला एक लांबट हॉल, पाच लेन. तिथल्या सरांनी आमचं पिस्तूल हातात घेतलं, ट्रिगरला वजन अडकवून उचललं. अर्धा किलो, एक किलो, दोन किलो. ट्रिगर ढिम्म. म्हणाले, “भाऊ, हे डबे पाडायचं खेळणं आहे. याच्यावर पोरगी शिकली तर चुकीचंच शिकेल.”

ते वजन लावणं काय असतं, हे मला तेव्हा कळलं. एअर पिस्तूलचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा असावा असा नियम आहे. स्पर्धेच्या आधी पंच त्याला अर्ध्या किलोचं माप लटकवून पिस्तूल उचलतात. माप उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं माप आठवा, तेवढंच. चांगल्या पिस्तुलाचा ट्रिगर त्या मापाच्या जरासा वर सुटतो. आमचा दोन किलोलाही सुटत नव्हता. एवढ्या जोरानं बोट ओढलं की नळी हलणारच. पोरीचा हात वाईट नव्हता, काकाची खरेदी वाईट होती.

निशाणाही समजून घ्या. दहा मीटरवर, जमिनीपासून सुमारे १४० सेंटिमीटर उंचीवर कागद. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. त्याच्या आत आणखी एक, ५ मिलिमीटरचं, तुरीच्या दाण्याएवढं. एका हातानं मारायचं, दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. मोठ्या स्पर्धेत असे ६० शॉट, इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ७५ मिनिटांत.

सरांनी त्या दिवशी तिला क्लबचं एक जुनं पिस्तूल दिलं. मूठ लाकडी, कुठे कुठे लांबी भरलेली. पोरीनं हात लांब केला आणि पहिल्याच दहा शॉटमध्ये सगळे छर्रे काळ्या भागात. काळा भाग साठ मिलिमीटरचा, म्हणजे फार मोठं काही नाही. पण तिच्या चेहऱ्यावरचा आठवडाभराचा ताण उतरला.

त्यानंतर दोन महिने दर रविवारी वाशीममार्गे अकोला. एसटीत बायका-मुलींना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं. माझं पूर्ण. जाऊन-येऊन अख्खा दिवस जायचा, रेंजवर हाती यायचे दोन-अडीच तास. त्यातही एक पिस्तूल आणि चार पोरं. एकानं मारायचं, तिघांनी बघायचं.

या दोन महिन्यांत सामान कसं निवडायचं ते सरांकडून शिकलो. तुमच्या उपयोगाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी मूठ. पिस्तूल कोणत्या कंपनीचं, हा प्रश्न नंतरचा. मूठ हाताच्या मापाची आहे का? ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर नीट येतं का? डावखुऱ्यासाठी वेगळी मूठ लागते. मुठीचा कुठलाही भाग मनगटाला आधार देणारा चालत नाही. सरांनी आमच्या पोरीसाठी छोटी मूठ बसवली आणि तळव्याखालची फळी अर्धा सेंटिमीटर वर घेतली. एवढ्यानंच तिचे छर्रे एका जागी पडायला लागले.

मग बूट. घोट्याच्या वर जाणारे बूट पिस्तूलमध्ये चालत नाहीत. टाच उंच असलेले, स्पंजसारखे मऊ रनिंग शूज घातले तर शरीर डुलतं. शाळेचे सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट उत्तम. साडेतीनशे रुपये.

डोळा. नंबर असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. नजर निशाणावर ठेवायची नसते, पिस्तुलाच्या टोकावरच्या माशीवर ठेवायची असते. निशाण धूसर दिसलं तरी चालतं, माशी धारदार दिसली पाहिजे. दुसरा डोळा मिटला तर चेहरा आखडतो, म्हणून त्याच्यासमोर झडप लावतात. ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी. आम्ही लग्नाच्या पत्रिकेचा पुठ्ठा कापून केली. खर्च शून्य.

सुरक्षेची दोरी. पिस्तूल रिकामं आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून नळीतून भडक रंगाची दोरी घालून ठेवतात, दोन्ही टोकांनी बाहेर दिसणारी. ती नसेल तर रेंजवर पिस्तूल बाहेर काढू देत नाहीत. आमच्याकडे गवत कापायच्या मशीनची नारिंगी नायलॉन दोरी होती. तीच बरोबर बसली. यातही खर्च शून्य.

छर्रे. सपाट तोंडाचेच घ्यायचे, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं. ५०० चा डबा. सरावाचे स्वस्त चालतात, पण स्पर्धेच्या आधी ज्या डब्यानं सराव केला त्याच प्रकारचे स्पर्धेत वापरा. आणि महत्त्वाचं, छर्रे शिशाचे असतात. हात साबणानं धुतल्याशिवाय डबा उघडून पोळी खायची नाही. आमच्या पोरीनं पहिल्या रविवारी तेच केलं होतं, सरांनी सगळ्यांसमोर झापलं.

हवेचं सिलिंडर. हे कुणी सांगत नाही म्हणून नीट वाचा. पिस्तुलाच्या पुढच्या नळकांडीत सुमारे २०० बार दाबाची हवा असते. त्या नळकांडीचं आयुष्य दहा वर्षं, तारीख त्यावर कोरलेली असते. मुदत संपली की स्पर्धेत चालत नाही, आणि घरात ठेवणंही धोक्याचं. हवा भरायला मोठी टाकी किंवा खास पंप लागतो. सायकलच्या दुकानात ते काम होत नाही.

घरच्या सरावासाठी पिस्तूल लागतच नाही. स्पर्धेचं पिस्तूल साधारण एक किलोचं. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली घ्या, हात सरळ करा, भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत वीस सेकंद धरा. आमची पोरगी रोज संध्याकाळी देवापुढच्या भिंतीसमोर पन्नास वेळा करायची. आजी म्हणायची, “पोरीले काय झालं बाप्पा, बाटलीची पूजा करते!”

आता हिशेब. बूट ३५०, कानात घालायचे बोळे ६०, छर्ऱ्यांचे तीन डबे २,४००, क्लबची दोन महिन्यांची फी ३,०००, स्पर्धेची प्रवेश फी ५००. एकूण ६,३१०. एसटीचं वेगळं. म्हणजे जेवढ्याला मी खेळणं आणलं, त्यापेक्षा कमी पैशात पोरगी स्पर्धेला तयार झाली.

पण ऑक्टोबरमध्ये घरात वेगळंच चाललं होतं. सोयाबीन निघालं. पाच एकरात ३४ क्विंटल. हमीभाव ४,८९२ जाहीर होता, हातात पडत होते चार हजारांच्या आसपास. दादा रात्री जेवताना म्हणाला, “बाबू, पोरीले सोताचं पिस्तूल घेऊन देऊ. सोयाबीन इकतो. लोकाच्या वस्तूवर किती दिवस शिकन ते?”

मी कागद घेऊन बसलो. ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, इटलीचं पार्डिनी, जर्मनीचं वॉल्थर, कुठलंही नवं घ्यायचं म्हटलं तर दीड-दोन लाखांच्या घरात. दोन लाख म्हणजे चार हजारानं ५० क्विंटल सोयाबीन. आमच्या शेतात झालं ३४. बियाणं, खत, फवारणी, कापणी, सगळं सोडून दिलं तरी पूर्ण पीक विकून एक पिस्तूल येत नाही.

मग व्हॉट्सॲपवर जुनं पिस्तूल आलं. ऐंशी हजार. फोटो छान. दादानं उसनवारीचं बोलणंही करून ठेवलं होतं. सरांना फोटो पाठवला तर त्यांनी एकच विचारलं, “सिलिंडरवरची तारीख पाठवायला सांगा.” विकणाऱ्यानं तारीख काही पाठवली नाही. नंतर फोन उचलणंच बंद केलं. दादा माझ्यावर आणि सरांवर चार दिवस रुसून होता.

नोव्हेंबरमध्ये पहिली स्पर्धा. छोटीच, चाळीस शॉटची. सकाळी सामान तपासणीची रांग लागली. आमच्या पुढे एक बाप-लेक होते, दुसऱ्या जिल्ह्यातून रात्रीच्या गाडीनं आलेले. मुलगा अकरावीतला असेल. बापाच्या काखेत नवीकोरी पेटी, आत जुनं पण चकचकीत पिस्तूल. पंचांनी सिलिंडर फिरवून तारीख बघितली, चष्मा वर करून पुन्हा बघितली. मुदत संपून दीड वर्ष झालं होतं. “हे चालणार नाही.”

बाप म्हणाला, “साहेब, लाखभर दिले हायेत. व्याजानं.”

पंच वाईट माणूस नव्हते. नियम दाखवला, समजावलं. फाटलं तर पोराचा हात जाईल म्हणाले. शेवटी सरांनी मध्ये पडून आमच्या क्लबचं पिस्तूल त्या मुलाला पुढच्या फेरीत द्यायचं कबूल केलं. आमच्या पोरीचं झाल्यावर तिनंच ते पुसून त्याच्या हातात दिलं. पण मूठ तिच्या मापाची, छोटी. त्याचा पंजा मोठा, बोट ट्रिगरच्या पलीकडे जात होतं. बदलायला वेळ नव्हता. त्यानं चाळीस शॉट मारले. कितीतरी पांढऱ्या भागात गेले. बाप मागच्या खुर्चीवर रिकामी पेटी मांडीवर घेऊन बसला होता. पोरगं एकदाही मागे वळून बघत नव्हतं.

आमच्या पोरीला ४०० पैकी ३१८ मिळाले. नंबर आला नाही. परत येताना बसमध्ये ती आपल्या गुणांबद्दल काहीच बोलली नाही. मालेगावच्या पुढे आल्यावर म्हणाली, “काका, तो पोट्टा माझ्यापेक्षा चांगला होता. उभा राह्यला तवाच समजलं मले.”

दादाला घरी हे सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. उठून गोठ्यात गेला.

मित्रहो, तेव्हापासून ती रिकामी पेटी डोक्यातून जात नाही. त्या माणसानं काय चूक केली? पोराला खेळू दिलं, कर्ज काढून वस्तू घेतली. त्याला तारीख बघायला सांगणारा एक माणूस मिळाला नाही, एवढंच. आम्हाला मिळाला, म्हणून आमचे ऐंशी हजार वाचले. यात आमची हुशारी काही नाही. माझी हुशारी तर कपाटावर पडून आहे, साडेसहा हजारांची.

पॅरिसमधला तुर्कस्तानचा युसुफ दिकेच आठवतो का? एक हात खिशात, साधा चष्मा, आणि मिश्र गटात रौप्यपदक. सगळ्या देशानं तो फोटो फिरवला, की बघा, सामानाशिवाय जिंकता येतं. पण त्याच्या हातातलं पिस्तूल नीट बघा. ते इतरांसारखंच स्पर्धेचं होतं, नियमात बसणारं. झडप आणि खास भिंगं त्यानं सोडली होती, पिस्तूल सोडलं नव्हतं. आणि उलट बाजू बघायची तर मनू भाकर. टोकियोत २०२१ साली ऐन पात्रता फेरीत तिचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, अंतिम फेरी हुकली. तीच पोरगी तीन वर्षांनी दोन पदकं घेऊन आली. सामान महत्त्वाचं आहेच. म्हणून तर ते बापाच्या व्याजावर सोडायला नको.

कुसाळेच्या वडिलांनी मुलाच्या गोळ्यांसाठी कर्ज काढलं होतं, हे आपण पेपरात कौतुकानं वाचलं. मीही त्या बातमीला ‘बापाची जिद्द’ असं शीर्षक दिलं होतं. आज ते शीर्षक मला खटकतं. पदक आल्यावर सरकारनं एक कोटी जाहीर केले, चांगलं केलं. पण त्याच पोराला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत रेंज आणि मार्गदर्शक मिळाले होते, म्हणून तो तिथपर्यंत पोचला, हेही शीर्षकात यायला हवं होतं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं. दोघी कोल्हापूरच्या. आपल्या वऱ्हाडातल्या पोरींची नजर अधू आहे असं तर नाही.

राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची जी मोठी पात्रता स्पर्धा असते, तिला दादासाहेब मावळंकरांचं नाव आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष. मराठी माणूस. सत्तर वर्षांपूर्वी त्यांना वाटलं होतं की हा खेळ सामान्य नागरिकांपर्यंत जावा. रिठदपर्यंत तो रीलमधून आला.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक तालुक्यात जमणार नसेल तर निदान जिल्ह्याच्या एका क्रीडा संकुलात चार चांगली एअर पिस्तुलं ठेवा. छोटी, मोठी, डावखुरी अशा मुठी ठेवा. हवा भरायची टाकी, कुलपाचं लोखंडी कपाट, नोंदवही, आणि शिकवून तयार केलेला एक क्रीडा शिक्षक. वाचनालयातलं पुस्तक जसं आळीपाळीनं चाळीस जण वाचतात, तसं एक पिस्तूल चाळीस पोरांना पुरतं. चार पिस्तुलांचे आठ लाख. एवढ्या पैशात आपल्याकडे काय काय उभं राहतं आणि दोन पावसाळ्यांत पडतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. या मागणीचं निवेदन तयार आहे. सही करायची असेल त्यांनी रविवार सोडून कुठल्याही दिवशी घरी यावं. रविवारी आम्ही अकोल्याला असतो.

आणि पालकांनो, तोपर्यंत एवढं करा. पहिल्या स्पर्धेला क्लबचंच पिस्तूल वापरा. बूट, छर्रे, दोरी, पत्रिकेची झडप, पाण्याची बाटली, यावर वर्षभर निघतं. वर्षानंतरही पोरगं बाटली धरून उभं राहत असेल, तर मग विकत घ्यायचं बोला. जुनं घेत असाल तर आधी सिलिंडरवरची तारीख बघा. वाचता येत नसेल तर फोटो मला पाठवा. रात्री-अपरात्री पाठवला तरी चालेल.